सात बाटल्यांचं किट आणि कोकणातलं पाणी

सकाळी टाकीत एक मासा तरंगताना दिसला की बहुतेक जण आधी औषधाकडे धावतात. कोणी मेथिलीन ब्ल्यू ओततो, कोणी दुकानदाराने हातात दिलेली हिरवी बाटली. पण घरच्या टाकीतले मासे आजारापेक्षा पाण्यानेच जास्त मरतात. वर मेथिलीन ब्ल्यू थेट टाकीत पडलं, तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मरतात आणि पाणी आणखी बिघडतं. म्हणून औषधाआधी पाणी तपासायचं. त्यासाठी आपल्याकडे सहज मिळणाऱ्या साधनांत एपीआय कंपनीचं फ्रेशवॉटर मास्टर टेस्ट किट भरवशाचं आहे. मात्र जांभ्याच्या विहिरीचं पाणी वापरणाऱ्याने ते कसं वाचायचं, हे खोक्यावर लिहिलेलं नाही.

खोक्यात सात बाटल्या, काचेच्या नळ्या आणि रंगांचं कार्ड असतं. पीएच (पाणी किती आम्लधर्मी, त्याचं माप), हाय रेंज पीएच (जास्त पीएचच्या पाण्यासाठी), अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट अशा पाच चाचण्या होतात. अमोनिया हे माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून होणारं विष, फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. बुडवून रंग बघायच्या पट्ट्या स्वस्त पडतात, पण बऱ्याच पट्ट्यांवर अमोनियाच नसतो. म्हणजे सगळ्यात मोठा संशयित चौकशीतून सुटतो. शिवाय मृग लागला की आपल्याकडच्या दमट हवेत उघडलेल्या डबीतल्या पट्ट्या लवकर फसव्या होतात. थेंबांच्या बाटल्यांना तो त्रास नाही.

प्रत्येक चाचणीला ५ मिली पाणी लागतं. नळी आधी टाकीच्याच पाण्याने विसळायची, रेघेपर्यंत भरायची आणि बाटली उभी उलटी धरून थेंब टाकायचे. तिरकी धरली तर थेंब लहानमोठे पडतात. अमोनियाला पहिल्या बाटलीचे ८ आणि दुसरीचे ८ थेंब, ५ सेकंद हलवून ५ मिनिटं थांबायचं. नायट्राइटला ५ थेंब आणि तितकाच वेळ. पीएचला ३, हाय रेंजला ५. नळीवर बोट ठेवून हलवू नका, टोपणच लावा. बोटाचा घाम पाण्यात जातो आणि बाटलीतलं रसायन कातडीला लागतं.

चुका सगळ्यात जास्त होतात त्या नायट्रेटमध्ये. तिथे दुसऱ्या बाटलीतली भुकटी तळाशी बसून घट्ट होते. पहिल्या बाटलीचे १० थेंब टाकून नळी उलटीसुलटी करायची, मग दुसरी बाटली पूर्ण ३० सेकंद जोरात हलवायची, तिचे १० थेंब टाकायचे, नळी पूर्ण १ मिनिट हलवायची आणि ५ मिनिटं थांबायचं. बाटली महिनाभर पडून असेल तर आधी टेबलावर चार वेळा आपटून घ्या. यात आळस केला तर ८० पीपीएमचं (लिटरला मिलीग्रॅम) पाणी ५ दाखवतं आणि माणूस निर्धास्त होतो.

रंग दिवसाच्या उजेडात, पडवीत किंवा खिडकीशी बघावा, नळी कार्डाच्या पांढऱ्या भागाला टेकवून. ट्यूबलाइटखाली पिवळा आणि फिका हिरवा ओळखू येत नाही. अमोनियाचे ० आणि ०.२५ हे रंग इतके जवळ आहेत की ही या किटची खरी उणीव म्हणावी लागेल. त्यावर एक सोपा इलाज आहे. गाडीच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणून त्याचीही चाचणी करायची आणि दोन नळ्या शेजारी धरायच्या. टाकीच्या नळीत किंचितही जास्त हिरवी झाक असेल तर अमोनिया आहे.

आता आपल्याकडचा मुद्दा. जांभ्याच्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ आणि थोडं आम्लधर्मी असतं. किनाऱ्यालगतच्या वाळूतल्या विहिरी मात्र अनेकदा कठीण, आणि मे महिन्यात काही मचूळही होतात. मऊ पाण्यात कार्बोनेट, म्हणजे केएच, कमी असतं. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना हे कार्बोनेट खातात. ते संपलं की पीएच घसरतो, ६.५ च्या खाली जिवाणू मंदावतात आणि ६ च्या खाली जवळजवळ थांबतात. मग अमोनिया साचू लागतो. किटमधली पीएचची चाचणी ६.० ला संपते, म्हणजे ५.२ असलं तरी नळी तोच पिवळा रंग दाखवते. केएचची बाटली तर खोक्यात नाहीच. कोकणात हे किट घेताना केएचची वेगळी बाटली घ्याच. ५ मिली पाण्यात एकेक थेंब टाकत निळ्याचा पिवळा होईपर्यंत मोजायचं, जितके थेंब तितकं केएच. पहिल्या-दुसऱ्या थेंबालाच पिवळं झालं, तर टाकी घसरणीच्या टोकावर आहे.

आणि इथेच बरेचसे मासे मरतात, तेही मालक टाकीचं भलं करायला जातो त्या दिवशी. किट दाखवतं तो एकूण अमोनिया. त्यातला विषारी भाग पीएचवर ठरतो. २८ अंशाला पीएच ६.५ असताना तो सुमारे ०.२ टक्के असतो, पीएच ८ ला ६ टक्क्यांच्या वर, म्हणजे तीस पट. पीएच ६ च्या टाकीत २ पीपीएम अमोनियातही मासे तग धरून असतात. मालक एकदम अर्धं पाणी बदलतो, कठीण पाणी किंवा मूठभर सोडा घालतो, पीएच चढतो आणि तासाभरात मासे वर तोंड करून धापा टाकू लागतात. बदललेलं पाणी खराब नसतं, टाकीत आधीच साचलेला अमोनिया विषारी झालेला असतो.

म्हणून क्रम असा ठेवा. खाणं बंद. रोज १५-२० टक्के पाणी बदला, तेही टाकीच्या पीएचच्या जवळचं. अमोनिया ०.५ च्या खाली आला की मगच केएच वाढवा. १०० लिटरला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा घातला की केएच सुमारे १ ने वाढतं, दिवसाला त्याहून जास्त नको. कायमचा उपाय स्वयंपाकघरात आहे. तिसऱ्यांची, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांची, रिकामी टरफलं उकळून, घासून, जाळीच्या पिशवीत फिल्टरमध्ये ठेवा. ती हळूहळू विरघळतात.

विहिरीच्या ताज्या पाण्याचा पीएच लगेच मोजू नका. त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, म्हणून आकडा खोटा कमी येतो. बादलीत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून २४ तासांनी मोजा, खरा आकडा तो. त्याच पाण्याची नायट्रेटची चाचणीही एकदा करा. शोषखड्डा जवळ असेल तर दोष टाकीचा नसून विहिरीचा निघतो.

नायट्राइटच्या नळीत जांभळी झाक दिसली तर पाणी बदलाच, आणि १०० लिटरला १०० ग्रॅम खडे मीठ विरघळवून तीन भागांत घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. कोरीडोरास किंवा लोच हे तळाशी राहणारे मासे असतील तर निम्म्यावर थांबा. नायट्राइटने मेलेल्या माशाचे कल्ले लालऐवजी तपकिरी दिसतात, तेवढं बघून ठेवावं.

सगळ्या नळ्या स्वच्छ आणि मासे तरीही मरतायत, तर किट जे मोजत नाही तिकडे वळा. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते. ते क्लोरीन या किटला दिसत नाही. १ मिलीग्रॅम क्लोरीन मारायला सुमारे ७ मिलीग्रॅम हायपो (सोडियम थायोसल्फेट) लागतो, किंवा पाणी हवा सोडून दोन दिवस ठेवा. ऑक्सिजनही मोजला जात नाही. ३२ अंशाच्या पाण्यात तो मुळात कमी मावतो, आणि लाइट गेली की पंप बंद. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ आदळलं, तेव्हा किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत वीज बरेच दिवस नव्हती. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधी भरून ठेवायच्या सामानात सेलवरचा एअर पंप असू द्या. बंद डब्याचा फिल्टर काही तास थांबला तर लाइट आल्यावर तसाच सुरू करू नका. आतलं सडकं पाणी ओतून, स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळून मग लावा.

विकत घेताना बाटलीवरचा लॉट नंबर वाचा. शेवटचे चार आकडे बनवल्याचा महिना आणि वर्ष सांगतात. तीन वर्षांहून जुनी बाटली घेऊ नका. किनाऱ्यावरच्या छोट्या दुकानांत माल हळू खपतो, म्हणून हे बघणं भागच आहे. दोन गप्पींच्या बरणीसाठी एवढं किट नको, अमोनियाची आणि केएचची सुटी बाटली पुरे. ५० लिटरच्या वर टाकी असेल तर पूर्ण खोकं घ्या. पहिला महिना दर तीन दिवसांनी आणि नंतर पंधरवड्याला आकडे कॅलेंडरवर लिहा, प्रत्येक अमोनियाच्या आकड्याशेजारी त्या दिवशीचा पीएच.