कोरडेपणावरचं जेल चांगलं, पण नुसत्या जेलवर भागत नाही

मी फोंड्याची, वय 53. पाळी जाऊन दीड वर्ष झालं आणि नवऱ्याजवळ जायचं म्हणजे नुसती आग. यावर आमच्याकडे उत्तर तयार असतं: "सुटलीस बाई! आता देवाचं करायचं." झालंही तसंच. चवथीचा सोवळ्यातला स्वयंपाक पूर्णपणे माझ्याकडे आला आणि अंथरूण वेगळं झालं. थोरल्या जाऊबाई तर म्हणाल्या, या वयात 'ते' केलं तर अंगातली शक्ती जाते. ह्यांना वाटलं माझं मन उडालं. मन कुठलं उडतंय, दुखत होतं!

शेवटी डॉक्टरीणबाईंना दाखवलं. इस्ट्रोजेन, म्हणजे बाईच्या शरीरातलं संप्रेरक, कमी झालं की योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं पडतं, लघवीला जळजळतं तेही बहुतेक त्यामुळेच, असं त्या म्हणाल्या. पाण्यावर आधारलेलं लुब्रिकेटिंग जेल, म्हणजे संबंधाच्या वेळी ओलावा देणारं, लिहून दिलं. फार्मसीत दोन बाप्ये जाईपर्यंत मी खोकल्याच्या गोळ्या बघत उभी. पोराने ट्यूब वर्तमानपत्रात अशी गुंडाळली, जणू चोरीचा माल.

आता जेलबद्दल. वास नाही, आग नाही, चादरीवरचा डाग साध्या पाण्याने जातो. पण पटकन सुकतं. पुन्हा लावावं लागतं, नाहीतर बोटावर थोडं पाणी घेतलं तरी चालतं. आधी मी खोबरेल वापरून बघितलं होतं. माझी मैत्रीण 47 ची, पाळी अजून अधूनमधून येते, म्हणजे दिवस राहण्याची धास्ती आहेच. तिला मी खोबरेल नको म्हटलं, तेलाने निरोधाचं रबर कमकुवत होतं.

एक लक्षात घ्या, जेल तेवढ्या वेळेपुरतं. अस्तर त्याने सुधारत नाही. म्हणून बाईंनी नंतर आत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीमही दिलं, त्याचा फरक कळायला काही आठवडे गेले. ते मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका, स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. आणि पाळी गेल्यावर थोडंसं जरी रक्त दिसलं तरी जेलवर खापर न फोडता तपासून घ्या.

खोक्यावर पंचविशीतलं जोडपं छापलंय. अक्षर इतकं बारीक की आमच्या वयाच्या बाईला चष्मा लावूनही वाचता येत नाही. झाकण ओल्या हाताने उघडत नाही, रात्री ह्यांना दिवा लावायला लागतो.

पाचपैकी चार तारे. दुसरी ट्यूब हे स्वतःच घेऊन आले.