'तिसऱ्या दिवशी कामावर हजर': नाताळच्या बेचाळीस टी-शर्टांचा अनुभव

या नाताळला आमच्या चर्चच्या तरुण संघासाठी बेचाळीस टी-शर्ट छापून घेतले. तीस हिंदी, बारा मराठी. उपासना आमची हिंदीतच चालते, पण नगरकडून इंदूरला आलेली पाच-सहा घरं अजून घरात मराठी बोलतात. माझे आजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले ते इथलेच झाले. तर ते बारा आमच्यासारख्यांच्या हट्टाचे.

मजकूर माझ्या भाच्याचा. छातीवर दोन ओळी: 'आमच्या साहेबांना मृत्युदंड झाला होता. तिसऱ्या दिवशी कामावर हजर.' बस. क्रूस नाही, बायबलचं वचन नाही, चर्चचा पत्ता नाही. साहेब म्हणजे येशू, क्रूसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला तो. मी म्हटलं, अरे, जन्माच्या सणाला मरणाची जाहिरात? तर म्हणे, "मामा, जन्माचं काम मॉलमधला सांता करतो. हे कोण सांगणार?" यावर मला काही सुचलं नाही, आणि पैसे मीच भरले.

आधी कापडाबद्दल. १८० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम) जाडीचं सांगितलं होतं आणि हाताला तरी तसंच लागलं. दोन धुण्यांनंतर गळा सैल झाला नाही, रंग गेला नाही. एका नगाचे २६० रुपये पडले, बेचाळीस नगांना ठीकच. माप मात्र एक नंबर लहान येतं. माझ्यासारख्या पोटवाल्यांनी सरळ एक्सएल सांगावा. हिंदीची छपाई स्क्रीनची, शाई कापडात बसलेली, बोट फिरवलं तर जेमतेम कळते. बारा नगांसाठी वेगळी फ्रेम बनवणं परवडत नाही, म्हणून मराठी मजकूर फिल्मवर छापून गरम प्रेसने चिकटवला. तो छातीवर प्लास्टिकच्या पट्टीसारखा बसतो. डिसेंबरात चालून गेलं, मे महिन्यात त्याखाली घामोळं येणार.

खरा घोळ त्या बारांतच झाला. दुकानदाराने नमुना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, मी मोबाइलवर घाईत पाहिला आणि अंगठा दाखवून मोकळा झालो. माल आला तेव्हा 'तिसऱ्या'चं 'तिसर्या' झालेलं. तो पापणीसारखा अर्धा र त्यांच्या फॉन्टमध्ये नव्हताच. कॉम्प्युटरने त्याचा रफार केला आणि 'या'च्या डोक्यावर ठेवला. मी दाखवायला गेलो तर दुकानदार चष्मा वर सारून म्हणतो, "भिया, र तो है ना? ऊपर है।" त्याचं चुकलं म्हणावं तर हिंदीत तो र लागतच नाही. शेवटी बारा नगांचे निम्मे पैसे त्याने वळते केले. वाद घातला नाही, हे नमूद करतो. पण मराठी छापायचं असेल तर 'ऱ्या' आणि 'ऱ्हा' असलेले शब्द आधी कागदावर मोठे काढून घ्या, मोबाइलवर पास करू नका.

आता घालून फिरल्याचं. सव्वीस डिसेंबरच्या रात्री आम्ही सहा जण सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात गेलो, मी हिंदीवाला घालून. गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) गाडीवर तळणाऱ्याने झारा हातात धरूनच छाती वाचली. "कौन साहब? नगर निगम वाले?" आम्ही हसलो. मी काहीतरी "नहीं भिया, वो तो…" करत अडखळलो. एवढी वर्षं विमा विकतोय, अनोळखी माणसाशी बोलायला मी कधी अडत नाही. तिथे अडलो. भाच्यानेच सांगितलं, "बेकसूर थे। फिर भी लटका दिया।" गाडीवाल्याने गराडूवर जीरावन मसाला भुरभुरला, "ऐसा तो होता ही है" म्हणाला, द्रोण पुढे केला आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे वळला. संपलं.

बाहेरच्या देशांत ही तऱ्हा जुनी आहे. १९९९ च्या ईस्टरला ब्रिटनमधल्या चर्चवाल्यांनी येशूला क्रांतिकारक चे गव्हेराच्या त्या लाल-काळ्या चित्रात बसवून पोस्टरं लावली, सौम्य आणि लीन म्हणता काय, अशा टेचात. २००९ च्या नाताळाआधी ऑकलंडच्या एका चर्चने येशूची आई मरिया आणि तिचा नवरा योसेफ पलंगावर असलेला फलक लावला. काही तासांत कुणीतरी त्यावर रंग फासला. तिथे येशू लोकांना इतका पाठ झालाय की दचकवल्याशिवाय कुणी मान वर करत नाही. मध्य प्रदेशात आम्ही शेकडा अर्धेही नाही. इथे नुसतं 'मी ख्रिस्ती' म्हटलं तरी समोरचा दचकतो, त्याला आणखी काय दचकवायचं?

शिवाय इथे जबरदस्तीच्या धर्मांतराविरुद्धचा कायदा १९६८ पासून आहे, २०२१ मध्ये नवा आणि कडक आला. १९७७ च्या स्टॅनिस्लाउस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धर्माचा प्रसार करता येतो, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. तो खटला आमच्याच राज्याचा. गराडूवाल्यासमोर माझी जीभ का अडली, ते आता कळलं असेल. दोन वाक्यं सांगितली तर विनोद, तिसरं सांगितलं तर प्रचार, आणि तिसरं कुठे सुरू होतं ते ऐकणारा ठरवणार. भाच्याला हे पटत नाही. तो म्हणतो, साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती मिशनचा टकर १८८२ मध्ये मुंबईला उतरला, फकीर सिंग नाव घेतलं, रस्त्यावर वाजतगाजत मिरवणुका काढल्या आणि त्यापायी तुरुंगातही गेला. गेला खरा. पण त्याला रिन्युअल प्रीमियम गोळा करायला गल्लोगल्ली जायचं नव्हतं.

माझी तक्रार मात्र कायद्यापेक्षा आईच्या बोलण्यावरून आहे. तिने शर्ट उलगडून वाचला, घडी केली आणि म्हणाली, "साहेब कशाला म्हणायचं रे त्याला? तो तर शिष्यांचे पाय धुवायला बसला होता." २०२४ मध्ये अमेरिकेत फुटबॉलच्या सगळ्यात मोठ्या सामन्यात येशूची जाहिरात दाखवली होती, तीही नेमकी पाय धुण्याचीच, आणि प्रचंड खर्चाची. भाच्याने ती आईला मोबाइलवर दाखवली. तिने पूर्ण पाहिली आणि विचारलं, "तांब्या कुणी धरलाय?"

दुकानाला पाचात साडेतीन. कापड चांगलं, वेळ पाळली, माणूस सभ्य. मराठीची जबाबदारी तुमची. मजकुराला मी अडीच देतो, भाचा पाच देतो. तीस हिंदी संपले, पुढच्या वर्षासाठी आणखी मागणी आहे. मराठी दोन एक्सएल शिल्लक.

धुताना उलटा करून थंड पाण्यात टाका, आणि फिल्मवाल्या छपाईवर इस्त्री अजिबात फिरवू नका. मी फिरवली. 'हजर' तव्याला चिकटून निघून आलं. आता माझ्या छातीवर 'तिसर्या दिवशी कामावर' एवढंच उरलंय, आणि लोक विचारतात, पहिले दोन दिवस सुट्टी होती का?