मुळशीच्या पाण्याकाठी एक दिवस, भाड्याच्या इलेक्ट्रिक बाईकवर

बरेच दिवस बाबांचं चाललं होतं की पुण्याजवळच्या मुळशी धरणाकडे जाऊन येऊ, पाऊस ओसरला की लगेच जाऊ, आणि दरवेळी आमचं गाडीवर अडायचं कारण कार घेऊन त्या रस्त्याला रविवारी जायचं म्हणजे भुगावच्या ट्रॅफिकमध्येच अर्धा दिवस जातो. मग ऑक्टोबरच्या एका मंगळवारी मी सुट्टी टाकली आणि कोथरूडमधल्या एका दुकानातून इलेक्ट्रिक स्कूटर दिवसभरासाठी भाड्याने घेतली. त्या गाडीचा, दुकानाच्या सर्व्हिसचा आणि एकूण ट्रिपचा असा एकत्रच रिव्ह्यू लिहितेय, कारण जायच्या आधी मी खूप शोधलं पण दोन माणसं बसवून मुळशीपर्यंत चार्जिंग पुरतं का हे कुणी नीट सांगितलेलंच सापडलं नाही.

आधी दुकानाबद्दल. भाडं दिवसाचं 900 रुपये, डिपॉझिट 2000, लायसन्स दाखवायचं, ओरिजिनल ठेवून घेत नाहीत फक्त फोटो काढतात, हे मला आवडलं. हेल्मेट दोन दिले, त्यातलं एक चांगलं होतं आणि दुसऱ्याच्या आतलं कापड घामट वासाचं होतं, मी बदलून मागितलं तर लगेच दिलं. गाडी स्वच्छ, ब्रेक चांगले, हिरवी नंबर प्लेट. पण मागच्या चाकात हवा कमी होती आणि ती मला पहिल्याच पंपावर भरून घ्यावी लागली, ही गोष्ट दुकानाने गाडी देताना बघायलाच हवी. हवा कमी असली की बॅटरी जास्त खाल्ली जाते, म्हणजे यात नुसता आरामाचा प्रश्न नाही, तुम्ही घरी पोचणार की रस्त्यात अडकणार हा प्रश्न आहे.

आणि दुसरी, जास्त महत्त्वाची तक्रार. काउंटरवरच्या मुलाने मला छातीठोक सांगितलं की मॅडम सव्वाशे किलोमीटर आरामात जाईल. नाही जात. एकटा माणूस, सपाट रस्ता, सगळा वेळ बॅटरी वाचवणारा इको मोड असं असेल तर जातही असेल, पण मागे बाबा, डिकीत पाण्याच्या दोन बाटल्या आणि डबा, वाटेत पिरंगुटचा घाट, अशा हिशोबाने माझ्या गाडीला पूर्ण चार्जवर नव्वदच्या आसपासच मिळाले असते. कोथरूडहून धरणाच्या पुढच्या पळसे गावापर्यंत जाऊन परत यायचं तर शंभराच्या जवळ जातं. म्हणजे मध्ये कुठेतरी चार्ज करणं भाग आहे हे मला दुकानातच कळायला हवं होतं. मी स्वतः चार्जर मागून घेतला म्हणून निभावलं, त्यांनी आपणहून दिला नव्हता. तुम्ही घेणार असाल तर चार्जर मागाच, आणि तो साध्या 5 अँपियरच्या सॉकेटला चालतो की मोठा 15 चा लागतो तेही विचारून घ्या, कारण गावात घरोघरी मोठा सॉकेट नसतो.

सकाळी साडेसहाला निघालो. चांदणी चौकातला जुना पूल 2022 च्या ऑक्टोबरमध्ये पाडला आणि 2023 मध्ये नवीन पूल-रस्ते सुरू झाले तेव्हापासून तिथून निघणं खूप सुटसुटीत झालंय, पण पुढे भुगावची अरुंद गल्ली तशीच. साडेसहाला मात्र मोकळी मिळाली. भूगाव संपलं की चढ लागतो, मग पिरंगुटच्या बाजूला उतार, आणि त्या उतारावर मला पहिल्यांदा कळलं की या गाडीचं काय वेगळं आहे ते. अॅक्सिलरेटर सोडला की मोटर स्वतःच गाडीला हलकेच धरून ठेवते आणि उलटी थोडी वीज बॅटरीत भरते, त्यामुळे ब्रेक फार दाबावाच लागत नाही. बाबांना मागे बसून धक्के कमी बसतात. त्यांची कंबर 2 वर्षांपासून दुखतेय त्यामुळे मला तीच काळजी होती, पण पौडला चहाला उतरले तेव्हा म्हणाले, "पेट्रोलच्या गाडीवर मांड्या थरथरतात तसं काही नाही गं यात." पौडला बॅटरी 74 टक्के.

पौड सोडलं की खरी मजा सुरू होते. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडायला लागलं होतं, काही ठिकाणी कापणी चालू होती. हा भाग आंबेमोहोराचा म्हणून नावाजलेला, आता बहुतेक शेतांत इंद्रायणी लावतात असं चहावाल्या काकांनी सांगितलं, पण ओल्या भाताचा तो गोडसर वास मात्र रस्ताभर होता आणि तो मला इतका स्पष्ट आला याचं कारण गाडीच. पुढे इंजिनाचा धूर नाही, आवाज नाही. मी या रस्त्यावरून कॉलेजात असताना बुलेटवर मागे बसून अनेकदा गेले आहे, पण तेव्हा मला या रस्त्यावर एवढे पक्षी ओरडतात हे माहीतच नव्हतं. माले गावाच्या पुढे एका वळणावर बाबांनी खांद्यावर थाप मारून थांबवलं, हळद्या ओरडत होता. चालत्या गाडीवरून त्यांना ऐकू आला. यासाठी मी पेट्रोलपेक्षा जास्त भाडं द्यायला तयार आहे, अगदी मनापासून सांगते.

मग धरण. भिंतीजवळ जाऊ देत नाहीत, फोटोही काढू नका, तिथे रेंगाळण्यात अर्थ नाही. पुढे रस्ता पाण्याच्या कडेकडेने जातो, कधी झाडीत शिरतो, कधी एकदम उघड्यावर येतो आणि समोर लांबच्या लांब निळं पाणी आणि पलीकडे डोंगररांग. उतारांवर सोनकीच्या फुलांचा पिवळा रंग अजून होता. सकाळी नऊला पाण्यावर धुकं विरत होतं आणि रस्त्यावर आम्ही दोघं आणि एक दुधाचा टेम्पो, बस. दहा मिनिटं गाडी बाजूला लावून नुसते बसून राहिलो.

इथे बाबांनी मला जे सांगितलं ते मी शाळेत चार ओळींत वाचलं होतं, पण पाण्यासमोर बसून ऐकणं वेगळं. निळा आणि मुळा नद्यांच्या संगमावर टाटांनी हे धरण बांधायला घेतलं ते मुंबईला वीज देण्यासाठी. पाणी इथून बोगद्याने सह्याद्रीच्या कड्याखाली कोकणात सोडायचं, जवळपास 500 मीटर खाली, आणि तिथे भिऱ्याला जनित्रं फिरवायची. भिऱ्याचं वीजघर 1927 ला सुरू झालं, आजही चालू आहे. म्हणजे जी मुळा पुण्याला येऊन मुठेला मिळते आणि भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते, तिचं इथलं बरंचसं पाणी उलटं फिरून अरबी समुद्राला जातं. आणि या पाण्याखाली मावळ्यांच्या भातखाचरांची गावं गेली. 1921 मध्ये रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला, बायामाणसं पोराबाळांसकट बांधकामावर जाऊन बसली, घोषणा होती "जान किंवा जमीन". पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती हे नाव या लढ्यातूनच मिळालं. लोक तुरुंगात गेले, लढा तीनेक वर्षं चालला, आणि शेवटी धरण झालं. माझ्या पणजीचं माहेर या पाण्यात आहे. हे मला पस्तिसाव्या वर्षी, गाडी साइडस्टँडला लावून, कळलं. गावाचं नाव बाबांनाही नक्की आठवेना, त्यांच्या आजीने एकदाच सांगितलं होतं म्हणे आणि नंतर कधी विषय काढला नाही.

मग मी हँडलवरच्या त्या हिरव्या टक्क्यांकडे बघत राहिले. 58 टक्के. वीज कुठून येते हा प्रश्न आपण कधी विचारत नाही, बटण दाबलं की येते. मला त्यात काही मोठा निष्कर्ष काढायचा नाहीये, पण तिथे जाल तर भिंत आणि धबधबे बघून परत येऊ नका, थोडा वेळ पाण्याकडे बघा एवढंच म्हणते.

पळशाच्या जवळ आलो तेव्हा 46 टक्के. पळसे धबधब्याला पाणी बारीक झालेलं पण होतं. आता जेवण आणि चार्जिंग दोन्ही एकाच ठिकाणी मिळवायचं होतं. मोठ्या रिसॉर्टवाल्या एका ठिकाणी विचारलं तर गेटवरच्याने नाही म्हटलं, राहायला असाल तरच. पुढे रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, चूल, चार टेबलं, आत मावशी भाकऱ्या थापत होत्या. मी भीतभीत विचारलं की मावशी गाडी चार्जिंगला लावू का, पैसे देते. तर म्हणाल्या, "लावा की, त्यात काय पैशे घ्यायचे, फोन लावत्यात लोकं तसंच हाय ना." घराच्या ओट्यावरच्या सॉकेटला वायर जेमतेम पुरली. (एक्स्टेन्शन बोर्ड बरोबर ठेवा, पण चांगल्या जाड वायरचा, साधा फोनचा नको, तो तापतो.)

जेवणाबद्दल लिहायलाच हवं. पिठलं, तांदळाची भाकरी, लसणाचा ठेचा, वालाची उसळ, इंद्रायणीचा भात आणि वर आमटी. पिठलं चुलीवरचं, कडेला धरलेलं, थोडं पातळ, त्यात लसूण ठेचून घातलेला. भात मऊ, चिकट, नुसता तूप घालून खावा असा. दोघांचे मिळून 320 रुपये झाले. मी चार्जिंगचे म्हणून 50 वेगळे द्यायला लागले तर मावशींनी हात मागे घेतला, मग बाबांनी त्यांच्या नातवाच्या हातात ठेवले. हिशोब सांगायचा तर गाडीने दोनेक तासांत जास्तीत जास्त दीड युनिट घेतलं असेल, म्हणजे 50 रुपयांत सगळं फिटतं, पण प्रत्येक इलेक्ट्रिकवाला फुकट चार्ज करून जायला लागला तर त्या घराचं बिल कोण भरणार, त्यामुळे जाल तिथे पैसे द्याच, नाही म्हणाले तरी द्या.

मध्ये अर्धा तास लाईट गेली. मला जरा धाकधूक झाली, मावशींना काही वाटलं नाही. "येती आता," म्हणाल्या, आणि आली. तोपर्यंत त्या बाबांशी बोलत बसल्या होत्या, त्यांचंही जुनं गाव पाण्यातच, हे घर सासऱ्यांनी वर चढून बांधलेलं. बाबांनी त्यांना पणजीचं आडनाव सांगितलं. त्यांनी डोळे बारीक करून विचार केला आणि दोन गावांची नावं घेतली, या आडनावाची घरं या दोन्हीत होती म्हणाल्या. बाबांनी ती नावं खिशातल्या बसच्या तिकिटामागे लिहून घेतली.

पावणेतीनला निघालो, बॅटरी 82. ताम्हिणीपर्यंत पुढे जायची फार इच्छा होती, पण मी टक्के मोजले आणि नको म्हटलं. तुम्ही एकटे असाल तर जमेल, दोघं असाल आणि ताम्हिणी घाट उतरून कोकणाकडे जाऊन परत यायचं असेल तर या रेंजच्या गाडीवर त्या भानगडीत पडू नका, घाट चढताना बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. परत येताना इको मोड, चाळीस-पंचेचाळीसचा स्पीड. धावायचंच असेल तर हा रस्ता तुमच्यासाठी नाहीच. आणि पाण्यात उतरू नका. कितीही शांत दिसलं तरी काठ एकदम खोल होतो, गाळ असतो, दरवर्षी पोरं बुडतात. वाटेत एक ग्रुप कपडे काढून तयारीत होता, बाबांनी गाडी थांबवायला लावली आणि उतरून त्यांच्याशी जाऊन बोलले. मुलांनी ऐकलं.

पिरंगुटपासून पुढे ट्रॅफिक लागला, संध्याकाळची कंपन्या सुटायची वेळ, भुगावला चाळीस मिनिटं गेली. पण ट्रॅफिकमध्ये उभं राहिल्यावर ही गाडी काहीच खात नाही, इंजिन गरम होऊन पायाला झळ लागत नाही, हा फायदा तिथे खूप जाणवला. कोथरूडला दुकानात गाडी सोडली तेव्हा 29 टक्के उरले होते, मीटरवर एकूण 101 किलोमीटर. डिपॉझिट तिथल्या तिथे परत मिळालं, ओरखडे वगैरे काढून वाद घातला नाही, हे मुद्दाम सांगते कारण भाड्याच्या गाड्यांना तोच अनुभव जास्त वाईट येतो. मी मालकांना सव्वाशेचा आकडा आणि हवेबद्दल सरळ सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि दोघं असतील तर ऐंशी-नव्वद सांगत जाऊ म्हणाले. सांगतात का ते बघायला मी परत जाणारच आहे.

गाडीला पाचपैकी चार, दुकानाला साडेतीन, मावशींच्या पिठल्याला पाच. बाबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिकीट काढून आत्याला फोन लावला होता, अर्धा तास चालू होता. दोन्हीपैकी एका गावाच्या नावाला आत्या म्हणाली, हो हेच, आजी हेच म्हणायची.