भीती-लोभ निर्देशांक: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने मी बिटकॉइनचा कोणताही व्यवहार करण्यापूर्वी भीती-लोभ निर्देशांक पाहतो आहे. 2018 पासून रोज प्रसिद्ध होणारा हा आकडा 0 ते 100 या पट्टीवर बाजाराची मनःस्थिती मोजतो; 0 म्हणजे टोकाची भीती आणि 100 म्हणजे टोकाचा लोभ. किमतीतील चढउतार व उलाढाल यांची मागील 30 आणि 90 दिवसांच्या सरासरीशी तुलना, समाजमाध्यमांवरील चर्चा, बाजारातील बिटकॉइनचा वाटा अशा घटकांतून तो काढला जातो. पाहायला अर्धे मिनिटही लागत नाही, आणि निर्णयही तितकाच सोपा असेल, अशी भूल त्यामुळेच पडते.

सुरुवातीला माझा नियम सरळ होता: 25 च्या खाली घ्यायचे, 75 च्या वर विकायचे. दोनदा फायदा झाला आणि आपल्याला बाजार कळला असे वाटू लागले. तिसऱ्या वेळी 78 वर विकले, त्यानंतर तीन आठवडे भाव चढतच राहिला आणि गाडी चुकल्याच्या चडफडीत मी विकलेले सारे महागात परत घेतले. मग मात्र जुने आकडे काढून बसलो. डिसेंबर 2020 च्या सुरुवातीला निर्देशांक 90 च्या वर असताना बिटकॉइन 19,000 डॉलरच्या आसपास होते. महिन्याभरातच, जानेवारीत, ते 40,000 च्या पलीकडे गेले. उलट जून 2022 मध्ये निर्देशांक 10 च्याही खाली आला होता, पण त्या मंदीचा तळ लागला तो एफटीएक्स हा आभासी चलनांचा बाजारमंच बुडाल्यावर, नोव्हेंबरमध्ये, 16,000 डॉलरच्या खाली, आणि तेव्हा निर्देशांकातली भीती जूनइतकी तीव्र नव्हती. माझा तर्क असा, की घाबरून विकणारे बहुतेक जण तोवर विकून मोकळे झाले होते.

त्यानंतर मी वापर बदलला. निर्देशांक उघडण्यापूर्वी स्वतःच्या मनाचा आकडा वहीत लिहायचा, मग दोन्ही शेजारी ठेवायचे. एका रात्री पावणेबाराला मी ‘थोडेसेच घेतो’ असे लिहून स्वतःला 40 दिले. निर्देशांक 71 होता आणि त्याआधीच्या तासाभरात मी अकरा वेळा भाव पाहिला होता. पाच महिन्यांच्या नोंदी चाळल्या तेव्हा दिसले, की तेजीत मी स्वतःला बाजारापेक्षा वीस-तीस अंकांनी शांत समजतो, घसरणीत मात्र माझा आकडा बाजाराच्या आकड्याला जवळजवळ चिकटलेला असतो. ही माहिती मला कोणत्याही आलेखातून मिळाली नसती.

तक्रारी दोन. निर्देशांकाचा मोठा भाग किमतीच्याच हालचालींवर उभा असल्याने पुष्कळदा तो भावानेच सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगतो. शिवाय तो बिटकॉइनवर बेतलेला असूनही लोक त्याच्या भरवशावर इतर किरकोळ आभासी चलने घेतात, हे मला धोक्याचे वाटते.

ज्या ॲपवर मी निर्देशांक पाहतो, त्याच्या सूचना मात्र बंद केल्या आहेत. लाल अक्षरांत ‘टोकाची भीती’ झळकली, की वहीत माझा आकडा आपोआप दहाने खाली जात असे.