होलोटोमोग्राफी मायक्रोस्कोप: काही महिने वापरल्यानंतर

डाय (चमकणारा रंग) न लावता जिवंत पेशीतले नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, दिसतात का? दिसतात. पण दिसलेला ठिपका नॅनोकणाचाच आहे, हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं.

आम्ही होलोटोमोग्राफीकडे वळलो ते डायच्या त्रासामुळे. डाय कणातून सुटून पेशीत पसरतो आणि मग चमक दिसते ती नुसत्या डायची. होलोटोमोग्राफीत मंद प्रकाश वेगवेगळ्या कोनांतून पेशीतून जातो, होलोग्राम (प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाची चित्रं) नोंदले जातात आणि त्यांतून अपवर्तनांकाचा, म्हणजे पदार्थात प्रकाश किती मंदावतो त्या मापाचा, त्रिमितीय नकाशा तयार होतो. याचं गणित एमिल वुल्फ यांनी १९६९ मध्येच मांडलं होतं. पेशीला इजा जवळपास होत नाही, त्यामुळे तीच पेशी तासन्‌तास पाहता येते. कण पेशीच्या पडद्याला चिकटतात, आत ओढले जातात, हळूहळू केंद्रकाजवळ गोळा होतात. हे सलग पाहायला मिळणं, माझ्या मते, यंत्राचं खरं मोल.

कण कशाचा आहे यावर मात्र सगळं अवलंबून. पेशीद्रवाचा अपवर्तनांक साधारण १.३७, पॉलिस्टायरिनचा १.५९, ते कण लख्ख उठून दिसतात. सिलिकाचे कण वापरले की गोंधळ सुरू, कारण पेशीतले मेदाचे थेंबही जवळपास तेवढ्याच अपवर्तनांकाचे. दोन्ही गोल, दोन्ही केंद्रकाभोवती. म्हणून कण घालण्याआधी त्याच पेशीचं चित्र घ्यायचं, कण न घातलेली डिश सोबत ठेवायची आणि प्रयोग संपल्यावर त्याच जागी मेदाचा डाय लावून ताडून पाहायचं. एवढं केल्याशिवाय मी कुठलाही आकडा पुढे देत नाही.

व्यास निम्मा झाला की सिग्नल आठव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे ५० नॅनोमीटरचा एकटा कण हाती लागत नाही; दिसतात ते लायसोसोममध्ये (पेशीतल्या पचन करणाऱ्या पिशव्यांमध्ये) साचलेले पुंजके. शिवाय उभ्या दिशेची माहिती अपुरी मिळते आणि प्रत्येक ठिपका उभा ताणलेला दिसतो. पडद्यालगतचा कण आत आहे की बाहेर, हे एका उभ्या छेदावरून ठरवू नका.

तापमान स्थिरावेपर्यंत फोकस सरकतो, तेवढा वेळ द्याच. मीडियममध्ये (पेशी ज्या पोषक द्रवात ठेवतात त्यात) तरंगणारे कण धुऊन काढा, नाहीतर पार्श्वभूमी खराब होते. संगणकाची डिस्क भराभर भरते, जागेची सोय आधी करा.

कणांचा प्रवास पाहायचा असेल तर जरूर घ्या. एकेक कण मोजायचा असेल तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला पर्याय नाही.