आयईएलटीएस: आठ महिने, दोन परीक्षा आणि अर्धा बँड

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या) विभागाचं काम बघतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, कचेरीत कन्नड, इंग्रजी ड्रॉइंग आणि ईमेलपुरतं. कॅनडात कायम राहायला जाण्यासाठी गुणांवर निवड होते, तिला एक्स्प्रेस एंट्री म्हणतात; तिच्यासाठी दोनदा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली, दोन्ही वेळा रात्रीच्या बसने पुण्याला जाऊन. या परीक्षेचे दोन प्रकार आहेत; एक्स्प्रेस एंट्रीला जनरल ट्रेनिंगच लागते, अकॅडमिक चालत नाही. फी भरायच्या आधी एवढं बघून घ्या.

पहिल्या खेपेला लिसनिंग ८, रीडिंग ७.५, रायटिंग ६.५, स्पीकिंग ७. एकूण बँड, म्हणजे चारही भागांची सरासरी, ७.५. क्लासवाले म्हणाले, काम झालं. घरी पेढे आले. प्रोफाइल भरायला बसलो तेव्हा कळलं, एकूण बँड तिथे कुणी विचारतच नाही. चारही भाग वेगवेगळे सीएलबीमध्ये, म्हणजे कॅनडाच्या भाषेच्या पातळ्यांमध्ये मोजतात. एक्स्प्रेस एंट्रीतल्या फेडरल स्किल्ड वर्कर या कुशल कामगारांच्या योजनेला सीएलबी ७ पुरतो, म्हणजे प्रत्येक भागात ६. पण निवडीचे गुण खरे वाढतात ते सीएलबी ९ ला, आणि त्यासाठी लिसनिंग ८, बाकी तिन्ही ७ हवेत. माझं रायटिंग ६.५ मुळे सीएलबी ८ वरच अडकलं. मी अविवाहित, एक पदवी, तीन वर्षांहून जास्त अनुभव. त्या अर्ध्या बँडापायी भाषेचे ८, पदवी आणि भाषा या जोडीचे १२, अनुभव आणि भाषा या जोडीचे २५, असे ४५ गुण गेले. नोकरीच्या ऑफरचे गुणही मार्च २०२५ पासून बंद झालेत, मग एवढे आणायचे कुठून?

आई म्हणाली, “एवढं शिकलास, खरं तुझी परीक्षा काय संपंना बघ.”

खानापुरात माझी मावसबहीण इंग्रजी शिकवते. तिने माझी सरावाची वही तपासली आणि दुखणं सापडलं. घरमालकाला गळक्या नळाबद्दल पत्र लिहायचं होतं. मी आधी दोन ओळी क्षेमकुशल लिहिलं, मग विनंती, शेवटी परत नम्र विनंती. नळ आला चौथ्या ओळीत. प्रश्नात तीन मुद्दे दिलेले असतात. त्यातला ‘दुरुस्ती कधी हवी’ हा मुद्दा मी लिहिलाच नव्हता. तिने विनंतीच्या सगळ्या ओळी लाल पेनने खोडल्या, तेव्हा पत्र निम्मं उरलं. शाळेत आपल्याला पत्र असंच शिकवलं होतं, ती सवय मोडायला मला दोन महिने लागले. वेळेचंही चुकत होतं. ६० मिनिटांत १५० शब्दांचं पत्र आणि २५० शब्दांचा निबंध. निबंधाला दुप्पट वजन, आणि माझा निम्मा वेळ पत्रातच जायचा. आता पत्राला २० मिनिटं, एक मिनिटही जास्त नाही.

लिसनिंगला ऑडिओ एकदाच ऐकवतात आणि स्पेलिंग चुकलं की उत्तर गेलं. स्पीकिंगची मात्र उगाच धास्ती घेतली होती. समोरच्या बाईंना राजहंसगडाबद्दल दोन मिनिटं सांगितलं, त्यांनी मन लावून ऐकलं.

दुसऱ्या खेपेला ८, ७, ७, ७. बेरीज पहिल्यासारखीच २९, एकूण बँडही तोच ७.५. पण या वेळी चारही भागांत सीएलबी ९, आणि ते ४५ गुण परत आले.

आयईएलटीएसऐवजी सेल्पिप जनरल आणि २०२४ पासून पीटीई कोर या संगणकावरच्या इंग्रजी परीक्षाही चालतात. टायपिंग बसलेलं असेल त्यांनी त्याही बघाव्यात; मी त्या दिलेल्या नाहीत.

निकाल दोनच वर्षं चालतो, आणि पीआरचा (कायम वास्तव्याचा) अर्ज पाठवताना त्याची मुदत शिल्लक लागते. माझं प्रोफाइल सध्या पूलमध्ये, म्हणजे निवडीची वाट बघणाऱ्यांच्या यादीत आहे. मुदतीची तारीख आईने देवघराच्या दारामागे खडूने लिहून ठेवली आहे.