जुन्या ड्रमचं क्रोम आणि निकेल: गंज कशाने काढावा, मुलामा कशाने राखावा

लडविग, स्लिंगरलँड किंवा ग्रेच या अमेरिकन कंपन्यांचा साठच्या दशकातला ड्रमसंच विकत घेतला की आधी नजर जाते ती हूपवरच्या, म्हणजे कातडं दाबून धरणाऱ्या धातूच्या कड्यावरच्या, तपकिरी टिपक्यांकडे. ते घालवायला घरात आणि बाजारात मिळून डझनभर उपाय सापडतात. पण कोणता घ्यायचा हे गंज किती आहे यावर ठरत नाही, खाली धातू कोणता आहे यावर ठरतं. म्हणून आधी लोहचुंबक काढा.

चुंबक घट्ट चिकटला तर पोलाद: बहुतेक प्रेस्ड (पत्र्यातून दाबून घडवलेले) हूप, टेन्शन रॉड (हूप ताणणारे लांब स्क्रू), साधे स्क्रू. चिकटला नाही आणि भाग लगचा (ड्रमच्या अंगावरचा, रॉड ज्यात फिरतो तो ठोकळा) असेल तर बहुधा ओतीव जस्त. ग्रेचचे ओतीव हूपही त्याच जातीचे. पातळ हूपला चुंबक लागत नसेल तर ते पितळ. मग रंग पाहा. क्रोम निळसर दिसतं, निकेलला किंचित पिवळी झाक असते. क्रोमचा थर जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन, त्याच्या खाली निकेल. क्रोम स्वतः गंजत नाही. थरातल्या बारीक छिद्रांतून ओल पोलादापर्यंत पोचते आणि गंज खालून वर येतो. त्यामुळे गंज गेला तरी छिद्रं राहणारच. त्यांना घासून सपाट करायला जाणं म्हणजे शाबूत मुलामाही घालवणं.

कुठलीही पद्धत वापरा, धातूचे सुटे भाग शेलवरून (ड्रमच्या पोकळ अंगावरून) उतरवूनच. एका वेळी एकच ड्रम खोला, लगच्या जागा फोटोत टिपा, स्क्रू वेगळ्या पिशवीत ठेवा. लगखालचे रबरी गॅस्केट काढून ठेवा, तेलाने ते फुगतात. भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि टूथब्रश यांनी धुतल्यावर अर्धं काम झालेलं असतं, आणि जे गंज वाटत होतं त्यातलं बरंचसं सिगारेटचा धूर व घामाची पुटं होती हे कळतं.

अॅल्युमिनियम फॉइल की स्टील वूल?

क्रोम चढवलेल्या पोलादी हूपसाठी फॉइल. स्वयंपाकघरातला तुकडा चुरगळून पाण्यात बुडवायचा आणि हलक्या हाताने घासायचं. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ, त्यामुळे सहसा ओरखडा पडत नाही. घासताना तयार होणारी राखाडी लगदी बारीक पॉलिशचं काम करते. ती सुकण्याआधी पुसा. चार-शून्य (०००० – सर्वांत बारीक) नंबरचं स्टील वूल तेलासोबत वापरलं तर खोल टिपक्यांवर जास्त चालतं, पण त्याचे केसाएवढे तुकडे खाचेत अडकतात आणि पुढच्या पावसाळ्यात तेच गंजतात. वूलच हवं असेल तर पितळी घ्या. निकेलवर मात्र दोन्ही नकोत.

आम्ल की चिलेटिंग द्रावण?

रॉड, वॉशर, स्क्रू आणि फार गंजलेले पोलादी हूप यांचा खरा प्रश्न इथे आहे. लिंबूसत्त्व स्वस्त आणि कुठेही मिळणारं: १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम, २० ते ३० मिनिटं, मधूनमधून ब्रश. नंतर स्वच्छ पाणी, मग लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून एक बुडी, आणि लगेच हेअर ड्रायरने सुकवणं. यातली शेवटची पायरी चुकली की तासाभरात पुन्हा नारिंगी पूड दिसते. आम्लाला गंज आणि धातू यांतला फरक नीट कळत नाही. ओतीव जस्ताचा लग त्यात टाकला तर बुडबुडे येऊन पृष्ठभाग खरवडला जातो आणि मुलामा सुटतो. पेडलच्या स्प्रिंगही टाकू नयेत: आम्लातून निघणारा हायड्रोजन कडक पोलादाला ठिसूळ करतो. लडविगच्या स्पीड किंग पेडलच्या स्प्रिंग खांबांच्या आत असतात, म्हणून सबंध पेडल बुडवायचा मोह टाळा.

इव्हॅपो-रस्टसारखं चिलेटिंग द्रावण महाग, पण आम्लापेक्षा बरंच सौम्य. ते गंजातलं लोह पकडतं आणि शाबूत पोलादाला जवळपास हात लावत नाही. काही तासांपासून रात्रभर ठेवता येतं. अडचण वेगळीच. हूप अर्धा बाहेर राहिला तर द्रवाच्या पातळीवर कायमची रेघ उमटते, म्हणून तो पूर्ण बुडायला हवा. १४ इंची हूपला ४० सेंटीमीटर व्यासाचं प्लास्टिकचं घमेलं लागतं आणि ५ सेंटीमीटर खोलीला सव्वासहा लिटर द्रावण. मधोमध ३० सेंटीमीटरचं पातेलं उपडं ठेवून त्यावर वजन ठेवलं की पावणेतीन लिटरमध्ये भागतं. स्टीलचं पातेलं असलं तरी चालतं. हूप वेळ असेल तर चिलेटिंगमध्ये, रॉड-वॉशर लिंबूसत्त्वात, हा आमचा कौल.

पॉलिश

ब्रासोमध्ये घासणारी पूड असते. ती पितळेच्या समईला चालते, पण पातळ निकेलवर प्रत्येक हात म्हणजे थोडा निकेल कापडावर. कापड भराभर काळं होतंय का ते बघा: तो काळेपणा नुसता मळ नसतो, त्यात मुलामाही असतो. क्रोमवर मात्र ऑटोसोलसारखी क्रोमची पेस्ट ठीक. पीतांबरी तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी आहे, ड्रमच्या मुलाम्याला लावू नका. निकेलला साबण-पाणी, मऊ कापड आणि तेवढंच. थोडी काळपट झाक राहिली तर राहू द्या. संग्राहक ती खपवून घेतात, घासून उघडं पडलेलं आतलं गुलाबी तांबं नाही. १९२० च्या दशकातल्या लडविगच्या ब्लॅक ब्यूटीसारख्या काळ्या निकेलच्या, कोरीव स्नेअरवर (खाली तारा असलेल्या कडक आवाजाच्या ड्रमवर) तर कुठलीच पेस्ट नको. लडविगच्या सुप्राफोनिक या स्नेअरचं शेल १९६० च्या दशकात पितळेवरून अॅल्युमिनियमवर आलं; त्याच्या क्रोमला येणारे फोड कुठल्याच पॉलिशने जात नाहीत, घासल्याने वाढतात मात्र.

राखण: तेल, मेण की लॅकर?

डब्ल्यूडी-४० ओल हटवतं, पण त्याचा थर टिकत नाही. मशीनचं तेल धूळ धरतं आणि झिरपून लाकडाकडे जातं. लॅकरला ओरखडा पडला की त्याखाली ओल अडकते. मेण या तिघांपेक्षा सरस. रेनेसान्स वॅक्ससारखं मायक्रोक्रिस्टलाइन मेण अगदी पातळ लावून मिनिटभरात चमकवा. कारचं मेण घ्यायचं तर 'क्लीनर' शब्द असलेलं नको, त्यात घासणारी पूड असते. कोकण-मुंबई-गोव्यातल्या खारट दमट हवेत पावसाळ्याच्या आधी एक हात आणि नंतर एक हात. पुण्यात वर्षातून एकदा पुरतं. रॉडच्या आट्यांना मेण नाही, लिथियम ग्रीसचा पातळ लेप. लडविगच्या रॉडचे आटे १२-२४ या इंची मापाचे (१२ नंबर जाडी, इंचाला २४ आटे) असतात. बाजारातला एम-६ (मिलिमीटर मापाचा) नट त्यावर थोडा चढल्यासारखा वाटतो, पण आट्यांमधलं अंतर जुळत नाही आणि रॉड वाया जातो.

पुन्हा मुलामा चढवायचा का? ओतीव जस्ताचे फुगलेले लग असतील तर सहसा नको: जुना थर काढणाऱ्या रसायनात जस्तच विरघळतं, आणि वाद्याची जुनी किंमतही जाते. त्याच काळातला सुटा लग शोधणं स्वस्त पडतं. पितळी हूपवरचा निकेल पूर्ण उडाला असेल तर नव्याने निकेल चढवणं रास्त; क्रोमचा आग्रह धरणाऱ्या कारखान्याला हूप देण्याआधी 'फक्त निकेल' असं कागदावर लिहून घ्या.